आवडलेली मूर्ती आणि आपली मूर्ती

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, सौंदर्यशास्त्र ठीक आहे, पण म्युझियममध्ये तुम्हाला स्वतःला काय आवडलं ते सांगा ना.’ प्रश्न साधा वाटतो, पण सोपा नाही.

माझा एक जुना विद्यार्थी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. पाटीवर ‘अमरावती’ वाचून हरखला. मग कळलं, ही अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची. आनंद निम्मा झाला म्हणे! आता पाहा, शिल्प तेच, संगमरवरासारखा तो पांढरट दगड तोच. मग कमी काय झालं? ममत्व. कांट म्हणेल, बरंच झालं, आता नीट पाहा. आपले अभिनवगुप्तही सांगतात की माझं-परक्याचं हे भान गळाल्याशिवाय रसास्वाद नाही.

हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पण नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात (१८६३ पासूनचा आहे तो), मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो ते राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्तींपाशी. खिनखिनी म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं. थांबतो ते ‘आपलं’ म्हणूनच, हे कबूल. पण थांबल्यामुळे जे दिसतं, ते गावाचं नाव पुसलं तरी दिसत राहतं.

काय दिसतं? त्यासाठी दुसरी एक मूर्ती शेजारी ठेवू. पितळखोऱ्याचा यक्ष, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. सध्या दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर पसरट भांडं धरलेला आणि वर हसून राहिलेला! त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. अंगावरचे दागिने पाहिले की ते पटतं. प्राचीन भारतात कारागिराचं नाव मिळणं विरळच. इथं नाव आहे, धंदा आहे, हौस आहे.

तीर्थंकराच्या मूर्तीत यातलं काहीच नाही. चेहरे मुद्दाम सारखे. खांद्यावर केसांच्या बटा असल्या तर ऋषभनाथ, डोक्यावर नागफणा असला तर पार्श्वनाथ, एवढीच ओळख. उभं राहण्याच्या पद्धतीला कायोत्सर्ग म्हणतात, म्हणजे देहाचा त्याग. आणि तो दाखवायचा कशात? तर धातूच्या देहातच! तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही अडचण फार गोड वाटते. सोनाराला भर घालून जिंकता येतं. या ओतकाऱ्याला काढून काढून जिंकायचं आहे, आणि तरी समोर पुतळा नव्हे, जिवंत स्तब्धता उभी राहिली पाहिजे. माझं मत विचाराल तर यक्ष अधिक लोभस आहे, पण अवघड काम खिनखिनीवाल्याचं.

कोणी म्हणतं, या मूर्ती परत गावात आणा. मला ते पटत नाही. नागपुरात त्या सांभाळलेल्या आहेत, अभ्यासकाला एकत्र पाहता येतात. पण मूर्तिजापूर तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत त्यांचे मोठे, चांगले फोटो का असू नयेत? त्याला काही फार पैसा लागत नाही.

आणि नागपूरला गेलात तर एक करा. उभी मूर्ती आधी समोरून पाहा, मग तिच्या लोंबत्या हातांकडे पाहा. हात आणि कंबर यांच्यामध्ये जी मोकळी फट सोडली आहे ना, तिच्याकडे दोन मिनिटं पाहत राहा.