दोन निदाने : ‘एकच प्याला’ आणि व्यसनाची संकल्पना

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली, नाटककाराच्या निधनानंतर, रंगभूमीवर आणले. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची ख्याती झाली आणि त्याच चौकटीत समीक्षेने त्याचे मूल्यमापन केले. गडकऱ्यांची भाषा, तळीरामाचा विनोद, सिंधूचे पातिव्रत्य, शोकात्मिका म्हणून नाटकाचे यशापयश यांची चर्चा विपुल झाली. मात्र हे नाटक व्यसनाची कोणती संकल्पना गृहीत धरते, हा प्रश्न बाजूला राहिला. तो केवळ वाङ्मयीन नाही. व्यसनाधीन माणसाकडे पाहण्याची मराठी समाजाची दृष्टी घडविण्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे.

प्रथम ‘व्यसन’ या शब्दाचाच विचार करावा लागतो. संस्कृतात त्याचे दोन अर्थ एकत्र नांदतात : आपत्ती आणि दुर्गुण. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे. तेथे राज्याच्या अंगांवर कोसळणारी संकटे आणि राजाचे मद्य-द्यूतादी दोष एकाच संज्ञेखाली विचारात घेतले आहेत. जे माणसाला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी तेथील व्युत्पत्ती आहे. फेकणारी शक्ती आणि फेकला जाणारा माणूस यांतील अंतर तीत राखलेले दिसते. मराठीने यांतील दुर्गुणाचा अर्थ ठेवला. आपत्तीचा अर्थ वापरातून जवळजवळ लोपला. ‘दारुडा’, ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ या शब्दांत ही प्रक्रिया पूर्णत्वास जाते. येथे माणसाला काही झालेले नसते, तो तसा असतोच. कलंकाची व्याकरणिक खूण हीच, की क्रियापदाच्या जागी नाम येते.

गडकऱ्यांच्या संहितेत हे दोन्ही अर्थ परस्परांशी झगडताना दिसतात. शीर्षक दुर्गुणाच्या बाजूचे आहे. पहिला प्याला हा स्वेच्छेने केलेला अपराध आणि पुढील सर्वनाश हे त्याचे फळ, अशी ही नैतिक गणिताची मांडणी आहे. न्यायालयातील अपमान आणि त्यातून ओढवलेले सनदेचे संकट यांनी खचलेल्या सुधाकराला तळीराम दुःखविस्मृतीचा उपाय म्हणून दारू सुचवितो. शोकात्मिकेच्या रूपबंधाला नायकाचा एक प्रमाद हवा असतो आणि तो येथे प्याल्याच्या रूपाने हाती येतो. परंतु सुधाकराच्या तोंडी घातलेले मद्यासक्तीचे विवेचन वेगळ्याच दिशेने जाते. सोडणे शक्य असते तेव्हा सोडावेसे वाटत नाही आणि सोडावेसे वाटते तेव्हा ते शक्य उरत नाही, असा त्या विवेचनाचा आशय आहे. इच्छाशक्तीच्या ऱ्हासाचे हे चित्रण आजच्या वैद्यकाने ओळखावे इतके नेमके आहे. ज्याची इच्छाशक्तीच जायबंदी झाली आहे त्याला इच्छाशक्तीच्या अभावाबद्दल दोष द्यावा काय, हा प्रश्न त्यातून अटळपणे उभा राहतो. शीर्षक तो प्रश्न मिटवू पाहते, विवेचन तो उघडा ठेवते.

सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, हा कथानकातील दुवा येथे निर्णायक ठरतो. प्रतिष्ठितांचा समाज त्याला पुन्हा आपल्यात घेत नाही आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. म्हणजे दुसऱ्या पतनाचे कारण प्याल्यात नसून प्याल्याबाहेर आहे. पहिल्या प्याल्याला तळीराम निमित्त झाला, तर या प्याल्याला सभ्य समाज. गडकऱ्यांनी हे पाहिले आणि लिहिलेही, पण त्याचा तर्क अखेरपर्यंत नेला नाही. शेवटी मूल मरते, सिंधू मरते, सुधाकर विष घेतो. प्रेक्षकाच्या मनावर ठसते ती दारूची भयंकरता. समाजाचा सहभाग त्या अंधारात दिसेनासा होतो.

सिंधूच्या व्यक्तिरेखेविषयीही असेच म्हणता येईल. पतीच्या हातून झालेल्या घोर कृत्याचे सत्य ती मरतानाही लपविते. बालगंधर्वांच्या अभिनयाने आणि गायनाने या लपविण्याला पावित्र्याची प्रभा दिली. पण व्यसनाधीनांच्या कुटुंबांत कलंक काम करतो तो याच मार्गाने : घराची अब्रू राखण्यासाठी स्त्री मौन पाळते आणि त्या मौनात आजार वाढत जातो. नाटक ज्याला सद्गुण मानते ते उपचारातील मोठ्या अडथळ्याचे उदात्तीकरण ठरते. भगीरथ हा व्यसनातून बाहेर पडलेला एकमेव उल्लेखनीय पुरुष आहे. त्याला रामलालचा स्नेह आणि लोकसेवेचे कार्य लाभते. सुधाकर आणि भगीरथ यांच्यातील फरक चारित्र्याचा की लाभलेल्या आधाराचा, हे नाटक सांगत नाही. मात्र त्यातील घटना दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवितात.

१९८० नंतर ब्राऊन शुगरच्या प्रसाराने मराठी लेखनापुढे हाच विषय नव्या स्वरूपात आला. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’मध्ये रूपबंधच बदलतो. शोकात्मिकेची जागा वृत्तान्त घेतो आणि नायकाच्या जागी अनेक सामान्य तरुण येतात. त्यांची पार्श्वभूमी, त्यांची भाषा, सोडण्याचे आणि पुन्हा अडकण्याचे अनुभव यांना तेथे स्थान आहे. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ही घटना या लेखनाशी निगडित आहे. वृत्तान्ताला मृत्यूने समाप्त होण्याची सक्ती नसते. ‘पुन्हा घेतली’ हे शोकात्मिकेत शेवटाचे सूचन असते, तर वृत्तान्तात तो आजाराच्या वाटचालीतील एक टप्पा ठरू शकतो. रूपबंधातील हा फरक नैतिक फरकही आहे.

कायद्याने आता आपत्तीचा अर्थ अंशतः परत आणला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावलंबी व्यक्तींपैकी सुमारे ३८ मध्ये एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले. या दरीची कारणे अनेक आहेत. उपचारकेंद्रांची वानवा हे त्यांतील एक, लाज हे दुसरे. या लाजेच्या घडणीत वाङ्मयाचाही हात असतो.

यावरून ‘एकच प्याला’ कालबाह्य ठरत नाही. त्याचे मोठेपण त्याच्या उपदेशात शोधले गेले, ही अडचण आहे. वस्तुतः ते त्या उपदेशाला न जुमानणाऱ्या जागांत आहे. सुधाकराला परत घेण्यास नकार देणाऱ्या समाजाच्या बाजूने हे नाटक पाहिले, तर सभागृहातील प्रत्येक प्रेक्षक त्यातील एक पात्र होतो. शतकभर हे नाटक पाहणाऱ्यांना तळीरामाची ओळख आहे. त्या बंद दारांमागे उभ्या असलेल्या सभ्य गृहस्थांशी ओळख होणे अद्याप बाकी आहे.