जनुकांचा नकाशा आणि बांधीतला बैल

तिरोड्याच्या आसमंतातील धानाच्या बांधीत चिखलणीस जुंपलेला बैल आणि गुणसूत्रांवरील जनुकांचा नकाशा यांचा संबंध काय, हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कठाणी गोवंशास २०२३ साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आणि चिखलाच्या भातशेतीत ओढकाम करण्याची क्षमता, हाच त्या जातीचा मुख्य लौकिक होय.

गायीच्या पेशीत गुणसूत्रांच्या तीस जोड्या असतात. दुधातील केसीन प्रथिनांची चार जनुके त्यांपैकी सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी वसलेली आहेत; शिंगे न फुटण्याचे कारण १९९३ साली पहिल्या गुणसूत्रावर निश्चित झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेला गायीचा संपूर्ण जनुकीय आराखडा हेरफर्ड जातीच्या एका गायीवरून सिद्ध झाला. या कार्याची थोरवी आम्हास मान्य आहे. तथापि परक्या गोठ्यात आखलेला नकाशा आपल्या गोठ्यात कितपत वाट दाखवितो?

चौदाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दुधातील स्निग्धांशावर त्याचा मोठा प्रभाव पडतो, हे २००२ साली होल्स्टीन गायींत सिद्ध झाले. तेथे त्याची दोन रूपे आढळतात, म्हणून निवडीस वाव मिळतो. भारतीय वशिंडाच्या गायी तपासल्या, तेव्हा त्यांत जवळजवळ सर्वत्र अधिक स्निग्धांशाचेच रूप आढळले. जेथे भेदच नाही, तेथे निवड कशाची करावयाची? स्थान अचूक, पण उपयोग शून्य!

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे देशी गोवंशासाठी 'गौचिप'चे अनावरण झाले. परक्या मापाऐवजी स्वदेशी माप घेण्याचा हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु चिप केवळ जनावराचा जनुकसंच वाचते. कोणते रूप कोणत्या गुणाशी निगडित आहे, हे ठरविण्यास तो गुण शेकडो जनावरांत मोजलेला असावा लागतो. दूध मापाने मोजता येते, शिंग तर डोळ्यांनीच दिसते. म्हणूनच त्यांची जनुके आधी सापडली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. बैलाचे काम मोजणे त्या मानाने कठीण. एका सकाळी किती बांधी चिखलली, किती वेळा थांबला, दुपारच्या उन्हात धाप केव्हा लागली, खूर कितपत टिकले, यांची वंशावळीसह नोंद कोणत्या वहीत ठेवावयाची? ती वही आधी हवी, चिप मागाहून. आणि विलंबास अवकाश थोडाच आहे, कारण ट्रॅक्टर बांधीत केव्हाच उतरला आहे.