गाळाचे वय सांगताना

समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या स्तंभांवरून ध्रुवीय सागरांचा इतिहास सांगणारे लेख मराठीत येतात, त्यांचे आम्ही स्वागतच करतो. गोव्यात वास्को येथे १९९८ साली स्थापन झालेल्या, आजच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात असे स्तंभ तपासले जातात. आमचा आक्षेप एकच : 'कार्बन-१४ने वय काढले' एवढ्यावर हे लेख थांबतात.

खालचा थर जुना, हे चांदूर रेल्वेच्या मुलांना तलावाच्या गाळावरूनही पटते. पण किती जुना? कार्बन-१४चा अर्धायुकाल ५,७३० वर्षे. अंटार्क्टिकाभोवती खोलातले जुने पाणी वर येते. त्यामुळे तिथल्या जिवंत शिंपल्याचेही 'वय' हजाराहून अधिक वर्षे निघते. तेवढी वर्षे वजा करावी लागतात. प्रवाह बदलले, की ही वजाबाकीही बदलते. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. तिथे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटल्याच्या, सुमारे ७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या खुणेसारखे पुरावे शोधतात.

वजाबाकी चुकली, तर बर्फ मागे हटल्याचा काळ हजार वर्षांनी सरकतो आणि परिणामच कारण ठरू शकतो. म्हणून आकड्याबरोबर तो कसा मिळाला, हेही शिक्षकांनी वर्गात सांगावे.