कुक्कुट-आयमेरियांचा जातिनिर्णय : तंतुकणिकांच्या साक्षीचे मूल्य

कोंबड्यांमध्ये रक्ती हगवणीसारखे आंत्ररोग निर्माण करणाऱ्या आयमेरिया वंशातील एकपेशीय परजीवींची जात ठरविताना तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियांतील) डीएनएचा आधार घेण्याची प्रथा २०११ नंतर दृढ होत गेली. या प्रथेने पुष्कळ साधले, यात संशय नाही. तथापि तिच्याकडून किती अपेक्षा करावी, याचा विचार मात्र अभावानेच होताना दिसतो. प्रस्तुत टिपणाचा हेतू तोच आहे.

जातिनिर्णयाची जुनी पद्धती टायझर यांच्या १९२९ च्या प्रबंधापासून रूढ झाली. ऊसिस्टचे आकारमान, आतड्यातील विकृतीचे स्थान, संसर्गापासून ऊसिस्ट विष्ठेत दिसेपर्यंतचा काल आणि एका जातीमुळे आलेली प्रतिकारशक्ती दुसरीस अडविते की नाही, ही तिची प्रमाणे होत. टेनेला अंधांत्रात आढळते, ॲसर्व्ह्युलिना लहान आतड्याच्या आरंभी; अशा टोकाच्या उदाहरणांत ही पद्धती निःसंदिग्ध आहे. परंतु कुक्कुटगृहातील संसर्ग बहुधा मिश्र असतो, आणि अनेक जातींच्या ऊसिस्टांची मापे परस्परांत मिसळतात. तेथे सूक्ष्मदर्शकाचा निर्णय डळमळतो.

म्हणून अभ्यासक केंद्रकातील १८-एस रायबोसोमीय जनुकाकडे वळले. पण या जनुकाच्या अनेक प्रती एकाच पेशीत असतात व त्या सर्व एकसारख्याच असतील असे नाही. १९६४ साली वर्णिलेल्या मिवाटी या जातीचे उदाहरण येथे बोलके आहे. मिवाटीचा म्हणून समजला गेलेला जनुकप्रकार मायटिस जातीच्या एकाच ऊसिस्टपासून वाढविलेल्या वाणातही तिच्या स्वतःच्या जनुकप्रकारासोबत आढळला, असे व्रबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले. ज्या भेदावर स्वतंत्र जातीचा पक्ष उभा होता, तो एकाच जिवाच्या अंतरीचा भेद ठरला.

तंतुकणिकांच्या साक्षीचे बळ या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. आयमेरियाचा तंतुकणिकीय जीनोम अवघा सुमारे ६,२०० आधारयुग्मांचा आहे. त्यात प्रथिनांची तीनच जनुके (सायटोक्रोम-बी आणि सायटोक्रोम ऑक्सिडेजचे पहिले व तिसरे उपघटक) असून रायबोसोमीय आरएनएची जनुके तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहेत. ट्रान्सफर आरएनएचे जनुक एकही नाही. हिवतापाच्या प्लास्मोडियमशी असलेले त्याचे साम्य लक्षणीय आहे. पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असल्याने अल्प नमुन्यातूनही तो हाती लागतो. ऑक्सिडेजच्या पहिल्या उपघटकाच्या जनुकावरून नेकॅट्रिक्स व टेनेला यांसारख्या निकटच्या जातीही निराळ्या ओळखता येतात.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. ही तीन जनुके एकाच अखंड घटकावर एकत्र वारशाने येतात. म्हणून त्यांचे एकमत म्हणजे तीन साक्षीदारांचे एकमत नव्हे, तर एकाच साक्षीदाराने तीनदा दिलेली साक्ष होय. आयमेरियाच्या जीवनचक्रात लैंगिक अवस्था आहे, त्यामुळे केंद्रकीय गुणसूत्रांची अदलाबदल घडते. दोन वाणांचा संकर झाला, तर त्याची नोंद तंतुकणिकेत सापडणार नाही. नाव ठरविण्यास जे पुरते, ते इतिहास सांगण्यास पुरेलच असे नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ऑस्ट्रेलियातील कोंबड्यांत रायबोसोमीय जनुकांमधील अंतरालखंडांवरून तीन अपरिचित गट ओळखले गेल्याचे वृत्त २००८ पर्यंत प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यांना लाटा, नागांबी व झारिया ही जातिनामे मिळाली ती २०२१ मध्ये, तीही जीनोमाबरोबर ऊसिस्टची रचना, विकृती व प्रतिकारशक्ती यांच्या परीक्षणानंतर. प्रचलित लशींनी दिलेली प्रतिकारशक्ती हे गट चुकवू शकतात, हे जिवंत कोंबड्यांवरील प्रयोगांनीच दाखविले. कोणत्याही अनुक्रमाच्या वाचनाने ते कळले नसते. लस निवडणाऱ्यास जे जाणणे अगत्याचे, ते नेमके हेच होते.

सारांश, तंतुकणिकेने जातिनिर्णयाला भक्कम आरंभ दिला आहे. टायझर यांच्या कसोट्या तिने रद्द केलेल्या नाहीत. केवळ एका जनुकावरून नवी जात घोषित करण्याचा मोह आवरून केंद्रकीय जनुकांची व प्रतिकारशक्तीची परीक्षा सोबत घेणे, हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय.