शुगर फ्रीच्या गोळ्या आणि अर्धवट वाचलेला सल्ला

जागतिक आरोग्य संघटनेने शुगर फ्रीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात, असा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर अजूनही फिरतो. तुम्हालाही आला असेल. तो लिहिणाऱ्याने मूळ मजकूर उघडला असेल असं मला वाटत नाही.

15 मे 2023 ची ती मार्गदर्शक सूचना म्हणते, वजन आटोक्यात ठेवायला हे पदार्थ वापरू नका. पण कोणी? आधीपासून मधुमेह असलेले सोडून बाकी सगळ्यांनी. म्हणजे मेसेज ज्यांना घाबरवतोय, नेमके तेच त्यातून वगळलेत! धुळ्याच्या माझ्या मावशीला मधुमेह आहे, आणि हा मेसेज वाचून तिने पुन्हा साखरेचा चहा सुरू केला.

शिवाय ही शिफारस 'सशर्त' आहे. बरीच वर्षं लोकांवर नुसतं लक्ष ठेवलेल्या अभ्यासांत गोडकारकं घेणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसले. पण गोळी घेतं कोण? ज्याचं वजन आधीच वाढलंय, ज्याला डॉक्टरांनी सांभाळायला सांगितलंय तो. मग आजार गोळीमुळे आला, की आजाराच्या भीतीने गोळी आली? आकडेमोडीने हा गुंता पुरता सुटत नाही, हे संघटनेलाही मान्य आहे.

मला जास्त कामाचा वाटतो तो चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूचा 2024 मधला अभ्यास. टाइप 2 मधुमेह असलेले 179 जण, 12 आठवडे. एका गटाने चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं, दुसऱ्याने साखरच चालू ठेवली. परदेशातले बरेच प्रयोग डाएट कोल्ड्रिंकवर होतात. आपल्याकडे रोजची साखर जाते चहातून, म्हणून ही रचना मला आवडली. निकाल मात्र साधा: एचबीए1सी मध्ये लक्षणीय फरक नाही, वजनात सरासरी 0.3 किलोची घट. 'गोळी फायद्याची' असा मथळा द्यावा इतकं यात काही नाही. पण साखर बिघडली असंही दिसलं नाही. दहा वर्षांनी काय होईल, ते मात्र 12 आठवड्यांवरून कळणार नाही.

घट इतकी कमी का, त्याचा हिशोब घरीच करून बघा. चमचाभर साखर म्हणजे 4-5 ग्रॅम, 16 ते 20 कॅलरी. दिवसाला तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे धरले तर वाचल्या शंभरेक कॅलरी. 'चहा बिनसाखरेचाच आहे ना' म्हणत सोबत दोन खाऱ्या नाहीतर मूठभर केळीचे वेफर्स घेतले, की त्या परत आल्या.