नाव असलेला प्रदेश, नाव नसलेला प्रदेश : ‘रोडसाइड पिकनिक’ आणि ‘स्टॉकर’

विज्ञानकादंबरीतील स्थळ म्हणजे कल्पनेच्या सोयीसाठी उभे केलेले नेपथ्य, असे मराठी समीक्षेने बहुधा गृहीत धरले आहे. त्यामुळे प्रादेशिक कादंबरीचे निकष या प्रकाराला सहसा लावले जात नाहीत. अर्काडी व बोरीस स्त्रुगात्स्की या बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ (१९७२) ही रशियन कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ (१९७९) हा चित्रपट शेजारी ठेवल्यास हे गृहीतक तपासता येते.

कादंबरीतील हार्मोंट हे गाव कल्पित आहे. परग्रहवासी तेथे आले आणि माणसांची दखलही न घेता निघून गेले. सहलीनंतरच्या कचऱ्यासारखा मागे उरला तो ‘झोन’. तेथील वस्तूंचे रहस्य शास्त्रज्ञांना उकललेले नाही. परंतु जिवावर उदार होऊन त्या चोरून आणणाऱ्या ‘स्टॉकर’ मंडळींनी त्यांना ‘चेटकिणीची खळ’, ‘डासाचे टक्कल’ अशा धर्तीची बोलभाषेतील नावे दिली आहेत. झोनभोवती काळाबाजार आहे, संशोधनसंस्था आहे, तुरुंग आहे, स्टॉकरांच्या पोटी जन्मणारी वेगळी मुले आहेत. नायक रेड शूहार्टच्या आठ वर्षांच्या आयुष्यातून हा प्रदेश घडत जातो.

चित्रपटात गावाचे नाव उरत नाही, वस्तूही जवळजवळ नाहीशा होतात. स्टॉकर, लेखक आणि प्राध्यापक एवढ्या तिघांचा एक प्रवास शिल्लक राहतो. खाणीच्या खड्ड्यातील सोनेरी गोलाची जागा इच्छापूर्ती करणारी खोली घेते. बाहेरचे जग तपकिरी एकरंगी आणि झोन मात्र रंगीत, या योजनेतून प्रदेशाचे रूपांतर श्रद्धेच्या कसोटीत होते. येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. कादंबरीतील कल्पित स्थळाला नाव आहे. चित्रपटाचे चित्रीकरण एस्टोनियातील तालिनजवळ, यागाला नदीवरील बंद पडलेल्या वीजकेंद्रांच्या परिसरात झाले, पण त्या खऱ्या स्थळाला पडद्यावर नाव नाही.

या निनावीपणामुळे चित्रपटाला वैश्विकता लाभली, हे मत सार्थ आहे. गवत, पाणी आणि शांतता यांत धोका शोधण्यास प्रेक्षकाला तो भाग पाडतो. परंतु या वैश्विकतेची किंमत क्वचितच मोजली जाते. कादंबरीतील स्टॉकर पोटासाठी झोनमध्ये जातो. चित्रपटातील स्टॉकर प्रामुख्याने मार्गदर्शक आणि श्रद्धाळू आहे. त्याचे दरिद्री घर, चालू न शकणारी मुलगी आणि अखेरीस दिसणारी कारखान्याची धुराडी यांतून उपजीविकेचा संदर्भ डोकावतो. तथापि तो कथेचे चालकतत्त्व राहत नाही.

जालन्यासारख्या पोलाद-उद्योगाच्या शहरातील वाचकाला हार्मोंट परके वाटू नये. भट्टीचे रसायन ठाऊक नसलेला कामगारही तिच्या धोक्याला स्वतःचा शब्द देतो. धोक्याला पडलेले असे शब्द म्हणजेच प्रदेशाचा इतिहास. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तेथील निषिद्ध क्षेत्रात चोरून शिरणाऱ्यांनी ‘स्टॉकर’ हेच नाव स्वीकारले, ते याच कारणाने अर्थपूर्ण ठरते.

या अर्थाने ‘रोडसाइड पिकनिक’ ही प्रादेशिक कादंबरी आहे. मराठी विज्ञानकथेचे मूल्यमापन करताना तिच्यातील विज्ञान अचूक आहे का, याबरोबरच तिच्यातील गावाला तेथील रहिवाशांनी दिलेले शब्द आहेत का, हेही विचारले पाहिजे.