रस्त्यावरची चित्रशाळा

मकबूल फिदा हुसेन यांच्या चरित्रात सिनेमाच्या फलकांचा उल्लेख येतो, तो बहुधा दारिद्र्याचा दाखला म्हणून. आम्हांस ही दृष्टी अपुरी वाटते. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या या चित्रकाराने इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकरांकडे रेखाटनाचे धडे घेतले. परंतु मुंबईत भलेमोठे चेहरे रंगवताना त्यांना दुसरी शाळा लाभली. फलकाजवळ उभे राहिले असता दिसतो केवळ रंगाचा पट्टा. सबंध चेहरा उमटतो तो दुरून पाहणाऱ्याला. तेथे छायाभेदांची नजाकत हरपते, ठसठशीत रेषा तेवढी टिकते. १९५५ च्या ‘जमीन’ या चित्राच्या आडव्या विस्तारावर आणि निर्भीड बाह्यरेषांवर आम्हांस याच मेहनतीची छाप दिसते. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत रस्ता डोकावला, तर शिक्षकांनी तो खोडू नये.